शिक्षक विझू नये म्हणून

नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्री जागून तक्ते रंगवणारे, पहिल्याच आठवड्यात सगळ्या मुलांची नावं तोंडपाठ करणारे शिक्षक सात-आठ वर्षांनी भेटतात, तेव्हा कधी कधी ओळखू येत नाहीत. टाचण लिहिलेलं असतं, हजेरी घेतलेली असते, शाळाही वेळेवर भरते. पण वर्गाकडे जाताना पाय जड होतात. मुलाच्या साध्या प्रश्नाचाही राग येतो. ‘काहीही केलं तरी काय फरक पडणार आहे?’ हे वाक्य तोंडी बसतं. गावात बोललं जातं, गुरुजी आता आळशी झाले. घरचे म्हणतात, चार दिवस रजा काढ, कुठंतरी जाऊन ये. आणि शिक्षक मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत राहतो.

ही बर्नआउटची अवस्था आहे. ती आळशीपणातून येत नाही. उलट, ज्यांनी कामात जीव ओतला, त्यांच्याच वाट्याला ती जास्त येते. हा लेख डी.एल.एड. किंवा बी.एड. करणाऱ्या छात्राध्यापकांसाठी, त्यांना घडवणाऱ्या प्राध्यापकांसाठी, नुकतंच शाळेत रुजू झालेल्यांसाठी आणि आधीच थकून गेलेल्यांसाठी आहे. सांगायचं ते थोडक्यात असं: बर्नआउट रोखण्याची तयारी शिक्षक होण्याआधीच सुरू व्हायला हवी. मदत मागणं, कामाला मर्यादा घालणं, सहकाऱ्याला आपल्या वर्गात बोलावणं, चिडलेल्या पालकाशी बोलणं ही कौशल्यं आहेत आणि पाठ घेण्यासारखीच ती सरावानं येतात. आज बहुतेकांना ती नोकरीत ठेचा खात शिकावी लागतात आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

थकवा कुठला आणि बर्नआउट कुठला?

मार्चअखेर प्रत्येक शिक्षक थकलेला असतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली, झोप झाली, माणसं भेटली की तो थकवा उतरतो आणि जूनमध्ये नव्या वर्गाची उत्सुकताही वाटते. बर्नआउट सुट्टीनं जात नाही. शाळा उघडायला दोन दिवस उरले की पोटात गोळा येतो.

अमेरिकेतले मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेवर लिहिलं, ते मोफत दवाखान्यात तळमळीनं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पाहून. पुढे क्रिस्टिना मॅसलाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही उपयोगी पडतात. शिक्षकाच्या रोजच्या कामात त्या अशा दिसतात:

पहिली खूण, भावनिक रितेपण. सकाळी उठतानाच दिवस संपल्यासारखा वाटतो. शाळेतून घरी आल्यावर स्वतःच्या मुलाशी बोलायलाही शब्द उरत नाहीत.

दुसरी खूण, तुटलेपण. मुलं नावानं आठवत नाहीशी होतात. ‘ती मागची टोळी’, ‘तो डोक्याला ताप’ अशी आठवतात. स्टाफरूममध्ये मुलांबद्दल बोलताना कडवटपणा येतो.

तिसरी खूण, निरर्थकपणाची भावना. एखादं मूल वाचायला लागलं तरी त्यात आपला काही वाटा आहे, असं वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटचा समावेश आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून येणारी अवस्था, अशी त्याची नोंद आहे. ही नोंद शिक्षकानं लक्षात ठेवावी. ताण जर कामाच्या ठिकाणचा असेल, तर उपायही कामाच्या रचनेत शोधावा लागेल. सगळा भार शिक्षकाच्या मनोबलावर टाकून चालणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. उदासी केवळ शाळेपुरती न राहता घरात, सणासमारंभात, सगळीकडे भरून राहिली असेल, झोप आणि भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे लेख वाचून थांबू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येतं.

भार येतो कुठून?

एखाद्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतला दिवस डोळ्यांसमोर आणा. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. आज एक सर केंद्रशाळेत शिक्षण परिषदेला गेलेत, म्हणजे पाचही वर्ग एकट्या बाईंकडे. परिपाठ झाला. पहिली-दुसरीला अक्षरपट्ट्या दिल्या, तिसरी-चौथीला गणितं घातली, पाचवीला वाचायला बसवलं. तेवढ्यात आजचा पट विचारत स्वयंपाकीण मावशी दाराशी आल्या. पोषण आहाराचा तांदूळ पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम. त्या हिशेबानं तो काढून द्यायचा, साठा नोंदवहीत लिहायचा, खिचडी शिजली की वाढण्याआधी चव घेऊन त्याचीही नोंद करायची. मोबाइलवर गटाचा निरोप येतो: अमुक माहिती दुपारी दोनपर्यंत ऑनलाइन भरा. रेंज मिळावी म्हणून बाई ओट्यावर येतात, तर आत पहिलीतलं कुणीतरी रडायला लागतं. या दिवसात शिकवायचं राहून गेलं, याची टोचणी संध्याकाळी घरी सोबत येते. कामाच्या डोंगरापेक्षा ही टोचणी जास्त झिजवते.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत हवं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यात तयारीचे तासही येतात. म्हणजे टाचण, साहित्य ही तयारी कायद्यानंच कामाच्या वेळेत मोजली आहे. याच कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक काम लावू नये, असं सांगतं. राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं २०२४ मध्ये शासन निर्णय काढून शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी केली. कागद आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. तरीही हे कागद माहीत असणं आणि नसणं यात फरक पडतो: माहीत असेल तर मुख्याध्यापकांशी किंवा संघटनेतून नेमकं बोलता येतं, नाहीतर नुसती कुरकुर उरते.

दुसरा भार डोळ्यांना दिसत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रमांची कल्पना मांडली, ती विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास करून. आतून काहीही वाटत असलं तरी चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवणं हाही कामाचाच भाग असतो आणि त्याची किंमत शरीर-मन मोजतं. शिक्षक हे दिवसभर करतो. बीड-अहिल्यानगरकडच्या शाळांमध्ये दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्गातली बाकं रिकामी होतात. जे मूल नुकतं जोडाक्षरं वाचायला लागलं होतं, तेच आई-बापाबरोबर फडावर जातं. आश्रमशाळेत रात्री ताप आलेल्या मुलाजवळ आई नसते. तिथे शिक्षकालाच बसावं लागतं. ही दुःखं रोज जवळून पाहणाऱ्याला ती कुणापाशी तरी मोकळी करायला जागा लागते. बहुतेक शाळांत तशी जागा नाही.

आणि काही भार असे आहेत, की त्यांवर प्रशिक्षण हा उपाय होऊच शकत नाही. विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर किंवा पगाराविना वर्षं काढणाऱ्या शिक्षकाला ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा देणं हा अन्याय आहे. त्याला पगारच द्यायला हवा. रिकामी पदं भरायलाच हवीत. हे एकदा स्पष्ट म्हटल्यावरच प्रशिक्षण काय करू शकतं, याबद्दल प्रामाणिकपणे बोलता येतं.

आधी निदान: सहा प्रश्न

मॅसलाक आणि मायकेल लायटर यांनी कामाच्या सहा बाजू सांगितल्या आहेत. माणूस आणि काम यांचं जिथे जुळत नाही, तिथून बर्नआउट सुरू होतं. एका कागदावर हे सहा प्रश्न लिहा आणि प्रत्येकापुढे खरं उत्तर लिहा:

१. काम माझ्या वेळेत आणि ताकदीत बसतं का?
२. माझ्या वर्गात काय आणि कसं शिकवायचं, यात माझा शब्द चालतो का?
३. चांगल्या कामाची कुणी दखल घेतं का? पगार वेळेवर होतो का?
४. शाळेत ज्याच्यापाशी मन मोकळं करता येईल, असं कुणी आहे का?
५. कामांची वाटणी, बदल्या, रजा यांत न्याय होतो का?
६. मला जे मोलाचं वाटतं आणि मला जे करायला लावलं जातं, त्यांचा मेळ बसतो का?

‘नाही’ कुठे आलं ते पाहा. चौथ्या प्रश्नापुढे ‘नाही’ असेल तर वेळेचं नियोजन शिकून काही होणार नाही. माणूस शोधावा लागेल. पहिल्यापुढे असेल तर प्राणायामानं वह्या तपासून होणार नाहीत. तपासण्याची पद्धत बदलावी लागेल. नेमकं दुखणं कळलं की निम्मी हतबलता तिथेच कमी होते.

अध्यापक महाविद्यालयात काय राहून जातं?

सराव पाठ कसा होतो, हे प्रत्येक बी.एड.वाल्याला आठवत असेल. एक घटक, एक तासिका, सजवलेला तक्ता, सरावासाठी मिळालेली त्यातल्या त्यात शहाणी तुकडी, मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले प्राध्यापक. पाठ संपला, शेरा मिळाला, छात्राध्यापक मोकळा. या सरावाचं मोल आहेच. प्रस्तावना, विषयविवेचन, प्रश्न विचारणं हे त्यातूनच हातात बसतं. पण नोकरीतला पहिला महिना असा नसतो. तिथे तास ओळीनं सहा-सात असतात, मागे कुणी बसलेलं नसतं आणि पाठ फसला तरी लगेच दुसरा उभा असतो.

नेदरलँड्सचे संशोधक सायमन वेनमन यांनी १९८४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले ८३ अभ्यास एकत्र करून नवशिक्या शिक्षकांच्या अडचणी मांडल्या. सगळ्यांत वर होती वर्गातली शिस्त. त्याखालोखाल मुलांमध्ये इच्छा जागवणं, प्रत्येकाच्या वेगळेपणाशी जुळवून घेणं, मुलांचं काम तपासणं आणि पालकांशी संबंध. चाळीस वर्षांनंतरही कुठल्याही शाळेतल्या नव्या शिक्षकाला विचारा, यादी फारशी बदललेली नसेल. याचा अर्थ, धक्का कुठे बसणार आहे हे आधीच माहीत आहे. मग त्याची तयारी आधीच करून घ्यायला काय हरकत आहे?

वेळही उपलब्ध आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या कामासाठी, म्हणजे आंतरवासितेसाठी, २० आठवडे राखले गेले. त्याच आराखड्यात छात्राध्यापकानं स्वतःला समजून घेण्यासाठी एक स्वतंत्र अभ्यासक्रमही ठेवला. पुष्कळ ठिकाणी या अभ्यासक्रमाचा शेवट फाइल पूर्ण करण्यात होतो आणि आंतरवासिता म्हणजे रजेवरच्या शिक्षकांचे तास भरून काढणं, एवढाच अर्थ उरतो. हे २० आठवडे नीट वापरले, तर पुढची वीस वर्षं वाचू शकतात.

आंतरवासितेत करून घ्याव्यात अशा सहा गोष्टी

पूर्ण दिवस अनुभवा. निदान एक आठवडा छात्राध्यापकानं एकाच शिक्षकाबरोबर शाळा उघडल्यापासून सुटेपर्यंत राहावं. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, दाखल्यासाठी आलेले पालक, सगळं जवळून पाहावं, हाताखाली काम करावं. शेवटच्या दिवशी एकच प्रश्न: यातलं कुठलं काम शिकवण्याच्या वेळात आलं आणि ते बाहेर कसं काढता आलं असतं?

पहिल्या पंधरवड्याच्या सवयी शिका. शिस्त ओरडून लागत नाही, सवयीनं लागते. वर्गात कसं यायचं, वह्या कशा गोळा करायच्या, काम आधी संपलं तर काय करायचं, पाणी प्यायला केव्हा जायचं, या चार गोष्टी जूनमध्ये मुलांकडून रोज करून घेतल्या तर वर्षभराचं ओरडणं वाचतं. छात्राध्यापकानं अशी एक सवय निवडून ती वर्गात रुजवून दाखवावी आणि तिलाही सराव पाठाइतकेच गुण असावेत.

अवघड प्रसंगांचा सराव करा. वर्गात दोघींना पुढे बोलवा. एक पालक, एक शिक्षिका. पालक तावातावानं येतात: “बाई, आमच्या पोराला मागच्या बाकावर का बसवता? गरिबाचं पोर म्हणून?” शिक्षिका झालेली मुलगी पहिल्यांदा हमखास स्वतःचा बचाव करते: “मी मुद्दाम कुणालाही मागं बसवत नाही.” आवाज दोन्हीकडून चढतो. प्राध्यापकांनी इथे थांबवावं आणि पुन्हा करायला सांगावं. दुसऱ्या वेळी ती म्हणते: “बसा दादा. कामाचा खाडा करून आलात. काय झालं ते आधी सांगा.” मग म्हणते: “आपल्याकडे बाकं दर सोमवारी बदलतात, या आठवड्यात तो मागं आहे. फळा दिसत नाही, असं तो घरी म्हणाला का?” पालक म्हणतात, “हो, तेच म्हणाला.” आता बोलणं मुलाच्या डोळ्यांच्या तपासणीवर येतं, भांडण मागे पडतं. असे आठ-दहा प्रसंग कॉलेजात घडवून आणले, तर नोकरीतला पहिला प्रसंग रात्रीची झोप उडवत नाही. अधिकाऱ्यांना नम्रपणे ‘हे काम आज होणार नाही, उद्या दुपारपर्यंत देतो’ असं सांगणं, हाही सराव यात हवा.

तपासण्याचं गणित मांडा. चाळीस मुलांचा वर्ग, चार विषय, म्हणजे १६० वह्या. एका वहीला एक मिनिट धरलं तरी दोन तास चाळीस मिनिटं. रोज हे शक्य नाही आणि गरजेचंही नाही. रोज दहा वह्या बारकाईनं पाहाव्यात. आठवड्यात प्रत्येक मुलाचा एकदा तरी नंबर लागतो. एका वेळी एकच प्रकारची चूक शोधावी, आज फक्त अनुस्वार, उद्या फक्त हातच्याची चूक. जोडीनं तपासायला मुलांना शिकवावं. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी सत्राअखेर एका रात्रीत लिहिण्याऐवजी रोज चार मुलांबद्दल एकेक ओळ लिहावी. नोंदही खरी होते आणि सत्राअखेरची दमछाकही टळते.

आवाज सांभाळायला शिका. घसा हे शिक्षकाचं मुख्य साधन, आणि त्याबद्दल प्रशिक्षणात क्वचितच कुणी बोलतं. गोंगाटावर आवाज चढवू नका. टाळीची ठरलेली खूण, हात वर करणं, फळ्यावर लिहिणं यांनी वर्ग शांत करा. पाण्याची बाटली टेबलावर ठेवा आणि तासाला घोट-दोन घोट घ्या. सारखा घसा खाकरू नका. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

मुलाचं दुःख कुठे न्यायचं, ते माहीत करून घ्या. मारहाण, बालविवाह, लैंगिक अत्याचार, उपासमार यांपैकी काही समोर आलं तर एकट्या शिक्षकानं सगळं सोडवायचं नसतं. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक, बालकल्याण समिती, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी ताई, पोलीस ठाणं यांची यादी प्रत्येक छात्राध्यापकानं आपल्या आंतरवासितेच्या गावापुरती तयार करावी. लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारकच आहे. ‘माझ्या हातात काय, दुसऱ्याच्या हातात काय आणि कुणाच्याच हातात नाही असं काय’ असे तीन रकाने करून एखादा खरा प्रसंग मांडायला शिकणं, ही हतबलतेवरची चांगली मात्रा आहे.

दैनंदिनी: तीन ओळी पुरेत

चिंतन दैनंदिनी बहुतेक कॉलेजांत असते आणि ‘आजचा पाठ चांगला झाला, मुलांनी उत्तम प्रतिसाद दिला’ अशा वाक्यांनी भरलेली असते. तिचा उपयोग व्हायचा असेल तर तीनच ओळी लिहा: काय घडलं, मी काय केलं, उद्या काय करीन. उदाहरणार्थ: ‘हातच्याची वजाबाकी शिकवताना तिसऱ्या रांगेतली मुलं लक्ष देत नव्हती. मी आवाज चढवला. नंतर पाहिलं तर त्यांच्यापर्यंत काड्यांचे गठ्ठे पोचलेच नव्हते. उद्या गठ्ठे आधी वाटीन, मग फळ्याकडे वळेन.’

या तीन ओळींत मोठी गोष्ट घडते. ‘मी वाईट शिक्षक आहे’ या निष्कर्षाची जागा ‘गठ्ठे आधी वाटायचे’ ही दुरुस्ती घेते. बर्नआउटकडे जाणारा माणूस प्रत्येक अपयश स्वतःच्या माथी मारत जातो. त्या सवयीला सुरुवातीलाच आवर घालायचा तो असा. प्राध्यापकांनी या दैनंदिनीला गुण देऊ नयेत. गुण आले की खरं लिहिणं थांबतं.

घडवणाऱ्यांसाठी

छात्राध्यापक आपल्या प्राध्यापकांचं बोलणं विसरतात, वागणं उचलतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्येच दाखवून दिलं, की शिक्षक होणारा प्रत्येक जण शाळेच्या बाकावर बसून हजारो तास शिक्षक पाहत आलेला असतो आणि त्याच नमुन्यावर शिकवू लागतो. त्या बाकावरून त्याला शिक्षकाचा आत्मविश्वास दिसलेला असतो. तयारी, शंका, फसलेले प्रयत्न दिसलेले नसतात. ते दाखवणं प्राध्यापकांच्या हातात आहे. महिन्यातून एक पाठ स्वतः शाळेत घ्या, छात्राध्यापकांना मागे बसवा आणि नंतर कुठे अडलो, काय बदलावं लागलं, ते त्यांच्यासमोर बोला.

महाराष्ट्रात याचं थोर उदाहरण आहे. लीलाताई पाटील यांनी शासकीय अध्यापक महाविद्यालयांत शिक्षक घडवण्याचं काम केलं आणि मग १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. शिक्षकांना शिकवलेलं मुलांसमोर उभं राहून तपासून पाहण्याची ती तयारी होती. शिक्षक-प्रशिक्षकाचा आपल्या शब्दावरचा अधिकार अशा कामातून येतो.

आणखी एक सवय कॉलेजातच लावा: जोडीनं पाठ घेण्याची. दोघांनी मिळून टाचण काढायचं, एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं फक्त मुलांकडे पाहायचं. नंतर चर्चा शिक्षकाच्या गुणदोषांवर करायची नाही, मुलं कुठे अडली यावर करायची. दुसरं माणूस वर्गात आलं की तपासणीच होणार, ही भीती इथे मोडली तर ती पुढे शाळेत राहत नाही. दार लावून एकट्यानं शिकवणं हीच शिक्षकी पेशाची रीत होऊन बसली आहे. बर्नआउटला सर्वांत जास्त खतपाणी याच एकटेपणानं घातलं आहे.

पहिली तीन वर्षं जपा

महाराष्ट्रात नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून जातात. मानधन बरीच वर्षं अगदी तुटपुंजं होतं. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकसाठी ते ६,००० वरून १६,००० रुपये झालं. नेमणूक बहुधा घरापासून दूर, अवघड क्षेत्रात. म्हणजे सगळ्यांत कमी अनुभव, सगळ्यांत कमी पैसा आणि सगळ्यांत जास्त एकटेपण एकाच वेळी. विझण्याची सुरुवात अनेकदा इथेच होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय अभियानाची कल्पना आहे आणि प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. हे ५० तास सभागृहात बसून स्लाइड पाहण्यात घालवू नयेत. त्यातले निम्मे तास नव्या शिक्षकाला केंद्रातल्या एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात आणि त्या अनुभवी शिक्षकाला नव्याच्या वर्गात घालवू द्यावेत. हा जोडीदार गोपनीय अहवाल लिहिणारा नसावा. ज्याच्यापुढे ‘मला हे जमत नाही’ म्हणता येतं, तोच खरा मार्गदर्शक. कॉलेजांनीही पदवी दिली की नातं संपलं, असं मानू नये. माजी विद्यार्थ्यांची महिन्यातून एक ऑनलाइन बैठक पहिली तीन वर्षं चालवायला पैसा लागत नाही.

नव्या शिक्षकानं स्वतःसाठी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. गावात मुक्काम असेल किंवा जाणं-येणं, संध्याकाळची एक वेळ ठरवावी. त्यानंतर आलेले शाळेच्या गटातले निरोप सकाळीच पाहायचे. बॅचमधल्या दोघा-तिघांशी आठवड्यातून एकदा फोनवर बोलायचं आणि त्यात एक फसलेली व एक जमलेली गोष्ट सांगायची. शिकवण्यापलीकडचं एक काम, गाणं, शेती, व्यायाम, काहीही, ते चालू ठेवायचं.

आधीच थकला असाल तर

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. वरच्या सहा प्रश्नांतला एक ‘नाही’ निवडा आणि सत्रभर त्याच्याच मागे लागा. रोज एका मुलाशी दोन मिनिटं, अभ्यास सोडून बोला. तुटलेली तार जोडायला याहून चांगली सुरुवात नाही. मुलांनी लिहिलेलं, काढलेलं काही जपून ठेवा. जूनमधली वही आणि डिसेंबरमधली वही शेजारी ठेवली की आपल्या कामाचा पुरावा डोळ्यांना दिसतो. विश्वासातल्या एका सहकाऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगा, ‘मला हल्ली शाळेत यावंसं वाटत नाही.’ हे वाक्य उच्चारायला जड जातं, पण बहुतेकदा समोरूनही तेच ऐकू येतं.

मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना एवढंच सांगणं: माहिती मागवण्याची आठवड्यातली वेळ ठरवून द्या. कामांची वाटणी सगळ्यांसमोर करा. नेहमी एकाच होतकरू शिक्षकाच्या गळ्यात सगळं टाकू नका, कारण सगळ्यांत आधी तोच विझतो. भेटीला गेल्यावर नोंदवह्या पाहण्याआधी वर्ग पाहा आणि जे चांगलं दिसेल ते नाव घेऊन, नेमकं सांगा.

जे आज अध्यापक महाविद्यालयात शिकत आहेत, त्यांनी एक मागणी करावी, हक्कानं करावी: आम्हाला पाठ घ्यायला शिकवा, तसंच या पेशात टिकायलाही शिकवा. आणि जे शिकवत आहेत, त्यांनी याच आठवड्यात शेजारच्या वर्गातल्या नव्या सरांना किंवा बाईंना मधल्या सुट्टीत विचारावं, ‘कसं चाललंय?’ उत्तर मिळेपर्यंत थांबावं.